तिसऱ्या रॅकवरचा उजेड

पालकाच्या बाबतीत ताई कुणाचं ऐकत नसे. मालकीणबाईंचंसुद्धा नाही. उंच पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे ऊन म्हणून शिरत नाही, तिथे चार-चार मजली रॅकवर दिव्यांखाली भाजी वाढायची, आणि त्यातला पालकाचा हॉल ताईचा. तिच्याहून वयाने मोठा असलेला ड्रायव्हरही तिला ताईच म्हणे. अकरा वर्षं गार पाण्याच्या टाकीवर पानं धुऊन बोटं सुजवली, तेव्हा कुठे हा हॉल तिच्या हाती आला होता. मग कशाला ऐकेल ती कुणाचं?

या हॉलचं घड्याळ उलटं. रात्री वीज स्वस्त, म्हणून दिवे रात्री आठला लागत आणि सकाळी सहाला विझत. बाहेर दुपार तापलेली असे तेव्हा आत पालकाची गाढ रात्र. शेजारच्या हॉलमधल्या लेट्यूसला सोळा तास उजेड द्या, ते खूश. पालकाचं तसं नाही, त्याला सलग अंधार लागतो. त्याची रात्र मध्येच मोडली की त्याला वाटतं, दिवस मोठे झाले, आता बी धरायला हवं. मग तो मधूनच दांडा काढतो, पानं कडू होतात आणि सगळं पीक कचऱ्यात. म्हणून दिवसा आत फक्त हिरवा मंद दिवा. नव्या माणसाला ताई पहिल्याच दिवशी दम भरे, "आत पांढरा दिवा लावलास तर माझ्याशी गाठ आहे!"

आणि एवढं असूनही तिसऱ्या रॅकने लागोपाठ दोनदा दांडा काढला. बाकीचे रॅक ठणठणीत, हाच मेला फिरला.

संशय गेला धाकटीवर. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, दुपारी हॉलची फरशी पुसायची. ताईनेच तिला इथे चिकटवलं होतं. नवरा सोडून, मुलीला घेऊन आली, वर्षभर ताईच्या स्वयंपाकघरात झोपली आणि आत्ता दोन महिन्यांपूर्वी तिने स्वतःची खोली घेतली होती. नोकरी गेली की खोली गेली, इतका सरळ हिशोब. कधी काळी पाय घसरला म्हणून तिने एकदा आत ट्यूबलाइट लावली होती. लोकांना तेवढं पुरतं.

तिसरं पीक लागलं. सोमवारी मालकीणबाईंनी त्या रॅकवर काडेपेटीएवढं यंत्र चिकटवलं. दिवसा उजेड पडला की ते आकडा दाखवणार आणि वेळ टिपून ठेवणार. "शनिवारी बघू," त्या म्हणाल्या, "आणि जी कुणी असेल ती त्याच दिवशी घरी." 'जी' म्हणताना त्यांनी धाकटीकडे बघितलं.

ताईला उलट बरं वाटलं. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष! बहिणीवरचा आळ तरी जाईल.

मंगळवारी दुपारी जेवण उरकून ती नेहमीसारखी आत गेली. या रॅकला मागे पांढरी बुरशी धरली होती, तेव्हापासून तिचा त्याच्यात जीव अडकलेला. हिरव्या दिव्यात पान पिवळं पडलंय की काय, ते कळत नाही. म्हणून ती आपली मोठी बॅटरी रॅकच्या हुकाला लटकवायची आणि पाऊण तास पान न् पान उलटून बघायची. रोज. आणि पांढऱ्या दिव्याचा नियम? अहो, तो इतरांना! झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करायला आई दिवा लावतेच की.

तिने बॅटरी लावली. यंत्रावरच्या शून्याचे एक्केचाळीस झाले. काल तिने तिकडे बघितलंही नव्हतं.

तिने बॅटरी विझवली. शून्य. लावली. एक्केचाळीस. पुन्हा विझवली. म्हणजे पालकाची रात्र मोडणारी तीच होती! हॉलच्या दुसऱ्या टोकाला धाकटी वाकून फरशी पुसत होती, बादलीचा आवाज येत होता. ताईने बॅटरी ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि ती तडक बाहेर आली.

सांगायला काय लागत होतं? दोन शब्द. पण माणूस मोठा चतुर असतो हो स्वतःपुरता! बॅटरीचा उजेड कदाचित टिपलाच गेला नसेल, असं ती बुधवारी मनाशी म्हणाली. गुरुवारी म्हणाली, दांडाच नाही आला तर कोण विचारतंय. आणि मग अंधारातच तिने बोटाने एका रोपाचा गाभा चाचपला. लागला. कडक, वर निघालेला. चोराच्या मनात चांदणं. मालकीणबाईंनी बियांचं विचारायला हाक मारली तरी तिचा हात आधी ॲप्रनच्या खिशावर जायचा. घरी नाही पाठवलं, तरी त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा त्या टाकीवर? आणि ज्यांना दम भरला त्यांच्यासमोर? शुक्रवारीही तिने तोंडातून ब्र काढला नाही.

शनिवारी ऑफिसात मालकीणबाईंनी कागद वाचला. "सोमवारी दीड ते सव्वादोन. मंगळवारी दीडला चालू-बंद, चालू-बंद. पुढे काहीच नाही. दीडला आत कोण असतं?"

"मी असते," धाकटी म्हणाली.

"एकटीच?"

धाकटीने ताईकडे बघितलं. एकदाच. त्या नजरेत ताईला कळलं की पुसता पुसता हिने ती बॅटरी रोज बघितलेली आहे. पण जिने वर्षभर आसरा दिला तिच्याकडे बोट दाखवायला ती तयार नव्हती.

"हॉलची किल्ली ठेव इथे."

धाकटीने किल्ली टेबलावर ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच खुर्चीला टेकून उभा!

"थांबा," ताई म्हणाली. "बॅटरी माझी आहे. रोज मीच लावत होते. त्याने असं होतं हे मला ठाऊक नव्हतं."

मालकीणबाईंनी कागद घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "कधी कळलं?"

'आत्ता' म्हणता आलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता.

"मंगळवारी."

"सोमवारपासून टाकीवर जा," मालकीणबाई म्हणाल्या आणि किल्ली त्यांनी धाकटीकडे सरकवली.

बाहेर आल्यावर ताईला रडू फुटलं, आणि हलकंही वाटलं. बहिणीची नोकरी वाचली होती. तिने धाकटीचा हात धरायला हात पुढे केला. धाकटीने आपला मागे घेतला.

"बुधवारी तुझी बॅटरी लागली नाही, ताई," ती म्हणाली. "तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. त्याच संध्याकाळी मी पोरीची पुस्तकं खोक्यात भरली."

मग तिने बादली उचलली आणि ती कामाला आत गेली.