समुद्राकडे न बघता

आमच्या वाडीतून मालवणला जाणारा रस्ता एका वळणावर समुद्राला खेटून जातो. माडांची रांग संपते आणि डाव्या हाताला पाणी एकदम उघडं पडतं. तिथे आलं की होडीवाल्यांच्या घरातल्या कुणाचीही मान आपोआप डावीकडे वळते. आपली होडी परत येताना दिसते का, एवढंच बघायचं असतं. मुलगी लहान होती तेव्हा मीच तिला एसटीच्या खिडकीतून दाखवायची, तो बघ लाल बावटा, ती बाबांची होडी.

मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली, परवाना हातात आला, आणि सोमवारपासून स्कूटरने एकटी मालवणच्या कॉलेजला जाईन असं तिने जाहीर केलं. मी म्हटलं, आधी मला मागे बसवून मालवणला ने, मग बघू. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे तिला माहीत आहे. हेल्मेट तिने मी सांगण्याआधीच घातलं.

पहिल्याच दिवशी त्या वळणावर तिची मान गेली डावीकडे. रस्ता वळला, गाडी वळली नाही. समोरून बर्फाचा टेम्पो आला. त्याने ब्रेक दाबला, हिनेही दाबला, आणि टेम्पोचं तोंड आमच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढलं.

"गो चेडवा, डोळे खंय आसत तुझे?"

तो गेल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं.

"आता तुका गाडी मेळाची नाय."

"तूच शिकवलंस ना, हय इला की समुद्रात बघूचा?" ती म्हणाली.

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. पण गाडी काढून घेऊन काय होणार होतं? मैत्रिणीची घेऊन गेली असती, तीही माझ्या नकळत. म्हणून मग मी रोज मागे बसायची, त्या वळणावर तिचा खांदा घट्ट धरायची आणि म्हणायची, फुडे बघ. समुद्राकडे मी बघते, तू बघायचं नाही. ती वैतागायची. खांद्यावर वळ उठतील म्हणायची.

रविवारी पहाटे नवरा होडी घेऊन गेला आणि सकाळी वारा फिरला. बाकीच्या होड्या एकेक करून किनाऱ्याला लागल्या, आमची नाही. फोनला रेंज नव्हती. मालवणच्या जेटीवर गेलं तर निदान कुणाला विचारता येईल, म्हणून मी चप्पल घातली. रिक्षा मिळेना. मुलीने स्कूटर बाहेर काढली.

तिने नको चालवायला, असं माझ्या मनात आलं होतं. एवढी काळजी डोक्यात असताना त्या वळणावर ही मान सरळ ठेवील? पण जीव टांगणीला लागला होता, मी मागे बसले. वाऱ्याने माडांची झावळं रस्त्यावर पडली होती. एकेक टाळत मुलगी हळू चालवत होती. मला ते हळू चालवणंही सहन होत नव्हतं आणि जोरात चालव असंही म्हणवत नव्हतं.

वळण आलं. मी तिचा खांदा धरला. पाणी मातकट झालं होतं, लाटा फुटत होत्या. आणि दूर, खडकांच्या पलीकडे, लाल बावटा. होडी वरखाली होत होती, पण येत होती. मी ओरडणारच होते.

"आये, दिसली काय?" तिने पुढे बघतच विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिने वळून बघितलंच असतं. मी ओठ दाबले.

"नाय. फुडे बघ."

वळण संपेपर्यंत मला रडू येत होतं आणि ते मी आवरत होते. जेटीजवळ तिने गाडी स्टँडवर लावली, किल्ली काढली, तेव्हा मी तिला सांगितलं की बाबा येतायत, मी मघाशीच बघितलं.

"माका ठावक आसा," ती हेल्मेट काढत म्हणाली. तिचा चेहरा घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने ओला होता. "तुझो हात सैल पडलो."

"मगे मान वळवन कित्याक नाय बघलस?"

"फुड्यात एसटी होती."

एसटी असणारच. मी समुद्राकडे बघत होते, मला ती दिसलीच नव्हती.

सोमवारी सकाळी मी तिच्या हातात किल्ली दिली आणि घरात गेले.