साडूंची अट आणि ताईंची सही

शेतीवर जगणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण शेतीच्या शासननिर्णयांवर जगणारा माणूस उभ्या मुंबईत एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मंत्रालयात शेती खात्याच्या एका शाखेत त्यांनी सगळी नोकरी काढली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पण अजून खात्याचा एखादा निर्णय निघाला की त्यांच्या अंगात वारं शिरतं. एकदा सकाळी मी तोंडाला फेस लावून आरशापुढे उभा असताना त्यांचा फोन आला. "आलं! आलं!" एवढंच ते ओरडत होते. त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते, म्हणून मी फेसासकट किंचाळलो, "काय झालं? मुलगा की मुलगी?" पलीकडून आनंदानं थरथरणारा आवाज आला, "ठिबक सिंचनाचं शुद्धिपत्रक! परिच्छेद तीनमध्ये सुधारणा झाली!" तोवर आमच्या हिनं देवापुढे साखर ठेवलीसुद्धा होती. ती परत डब्यात ओतणं बरं दिसेना, तेव्हा आम्ही दोघांनी ती ठिबक सिंचनाच्या नावानं खाल्ली.

साडू राहतात गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी जवळून पाहिलेली मोकळी जमीन म्हणजे गिरगावची चौपाटी. गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात एक जास्वंद होती, ती एका उन्हाळ्यात वाळली. दुसरा कुणी असता तर तिला मुकाट्यानं केरात टाकून मोकळा झाला असता. साडूंनी मला दादरहून बोलावून घेतलं, पंच म्हणून उभं केलं आणि रीतसर पंचनामा केला: "नुकसान शंभर टक्के, कारण अपुरं पाणी." आतून ताई म्हणाल्या, "अपुरं नव्हे, पाणी घातलंच नाही. पाळी तुमची होती." हे वाक्य पंचनाम्यात घ्यायचं की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. मी पडलो भिडस्त. नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलं नाही, त्यामुळे मी निमूट सही केली. माझ्याकडे स्कूटर असल्यामुळे साडू मला 'क्षेत्रीय यंत्रणा' म्हणतात. हा माझा सन्मान आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

त्यांच्याबरोबर भाजीला जाणं हा तर वेगळाच सोहळा. मेथीची जुडी हातात घेऊन ते भाजीवालीची मुलाखत सुरू करतात. "गाव कुठलं? जमीन किती? तुमच्या नावावर आहे की सासऱ्यांच्या? विहिरीचा अर्ज केलात? अहो, का नाही केलात? हक्काचं आहे तुमच्या!" बोलता बोलता आवाज चढतो, मागे गिऱ्हाइकांची रांग लागते. शेवटी ती बाई म्हणते, "काका, मी कुर्ल्याला राहते. मेथी वाशी मार्केटची आहे. घ्यायची तर घ्या, नायतर ठेवा खाली." साडू जरासुद्धा ओशाळत नाहीत. पुढच्या गाड्यावर टोमॅटो हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि सांगायची गोष्ट अशी की, कधी तरी एखादा खराच शेतकरी निघतो. मग साडू त्याला बाजूला घेऊन, पाठीवर हात ठेवून, कुठला कागद कुठं मिळेल ते इतक्या जीव तोडून समजावतात की तो माणूस निघताना पाया पडतो. साडू घरी येतात हवेत तरंगत, आणि मेथी विसरून.

पण त्यांच्या आयुष्याचा कळस म्हणजे एक अट. फळबागेच्या कुठल्याशा योजनेचा मसुदा त्यांच्या टेबलावरून गेला, तेव्हा सातबाऱ्यावर जितकी नावं असतील तितक्या सगळ्यांची लेखी संमती हवी, अशी अट त्यांनी वरिष्ठांशी भांडून घालायला लावली. एकानं झाडं लावायची आणि फळं धरल्यावर भावकीनं कोयते घेऊन यायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. ही कथा ते मुंजीत सांगतात, बारशात सांगतात. एकदा तर एका तेराव्याला सांगितली. काही घराण्यांत पानिपत सांगतात तशी. "अट माझी आहे!" म्हणताना त्यांची छाती अशी भरून येते की बंडीचं वरचं बटण आपोआप सुटतं.

आणि एक दिवस ती अट, पत्ता शोधत शोधत, त्यांच्याच घरी आली.

आमच्या बायकांचा चुलतभाऊ दादू गावी असतो. घराण्यात शेती करणारा तेवढा एकटा उरलाय. वरच्या पडीक जमिनीवर, भरडावर, काजू लावायचे म्हणून त्यानं योजनेत अर्ज केला आणि सोडतीत त्याचं नाव निघालं. आता अडलं होतं फक्त संमतीपत्रांवर. कोकणातल्या सातबाऱ्याचं तुम्हाला ठाऊकच असेल: जमीन ओंजळभर, नावं पंगतभर, आणि सगळी पंगत मुंबईत. लालबागपासून वडाळ्यापर्यंत पसरलेल्या या मंडळींच्या सह्या मुदतीत पोचल्या नाहीत तर दादूची निवड रद्द होणार होती. मी समोर बसलो असताना साडूंच्या फोनच्या स्पीकरवर तो कळवळून म्हणाला, "भावजी, काजी धरूक वरसां लागतत. माझा वय काय थांबाचा नाय. आणि ही अट ज्या कोणी शाण्यान घातल्यान ना, तो माका एकदा हातात गावाक होयो!"

साडू खाकरले. "तांत्रिकदृष्ट्या ती आवश्यक आहे," असं ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले की दादूला वाटलं, लाइन गेली.

पण फोन ठेवला आणि त्यांचे डोळे चमकले. "चला! क्षेत्रीय यंत्रणा, स्कूटर काढा!" पुढचे काही दिवस आम्ही जे फिरलो, त्याला तोड नाही. पहिली सही आमच्या हिची. तिनं भाजी चिरता चिरता केली. कागदावर दोडक्याचा डाग पडला, तो साडूंनी फुंकर घालून घालून वाळवला. मग लालबागचे अण्णा. "सही दिली तर माझी जमीन जाईल," ही त्यांची शंका. ती फेडायला साडूंनी त्यांना मूळ शासननिर्णय पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. व्याख्या संपेपर्यंत अण्णा झोपले. निकष चालू असताना मीही झोपलो. दचकून जागे झाल्यावर अण्णांनी बघितलं, तर साडू अजून वाचतच होते. "द्या, द्या तो कागद!" म्हणत त्यांनी अशी घाईनं सही केली की पेनाचं टोक कागदाच्या आरपार गेलं.

वडाळ्याचं प्रकरण त्याहून नाजूक. तिथं दोघे सख्खे भाऊ एकाच इमारतीत, एक तिसऱ्या मजल्यावर, एक पहिल्या. कितीतरी वर्षांत एकमेकांशी शब्द नाही. वरचा म्हणे, "आधी त्याची सही आणा." खालचा म्हणे, "मी काय त्याच्या मागून सही करू? तो काय माझा बाप लागतो?" आम्ही दोनदा वर गेलो, दोनदा खाली आलो, चारही खेपांना चहा झाला. माझ्या पोटात चहा आणि साडूंच्या डोक्यात कल्पना उकळायला लागली. त्यांनी मला वर बसवलं, स्वतः खाली बसले, दोन्ही फोन स्पीकरवर ठेवले आणि फर्मान सोडलं, "मी तीन म्हटलं की दोघांनी पेन टेकवायचं. एक... दोन..." वरच्याच्या कपाळावर घाम. खाली कुणीतरी टीव्ही बंद केला. "तीन!" पेनं टेकली, सह्या झाल्या आणि फोनमधून खालचा भाऊ हळूच म्हणाला, "तेका इचारा, गुडघो कसो आसा." वरच्यानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "बरो आसा म्हणान सांगा." मला तर जिन्यात नाचावंसं वाटलं. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही, एवढंच.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही विजयी मुद्रेनं गिरगावात परतलो. दुसऱ्या दिवशी मूळ कागद तालुक्याच्या कार्यालयात हवे होते. परळहून संध्याकाळी सुटणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट द्यायचं आणि पहाटे ते दादूनं उतरवून घ्यायचं, असं ठरलेलं. आता राहिली होती एकच सही. ताईंची. त्या खाली बसून वालाचं बिरडं सोलत होत्या. साडूंनी कागद पुढे केला. "हं. इथं सही कर."

"कशाची?"

"संमतीची."

"संमती विचारायची असते ना?" ताईंनी एक वाल सोलून पातेल्यात टाकला. "सगळ्या मुंबईला विचारत फिरलात. वडाळ्याला तर चार चार वेळा चहा प्यायलात. मला कधी विचारलंत?"

"अगं, तू घरचीच आहेस!"

"मग? घरची असल्यास सूट, असं तुमच्या अटीत कुठं लिहिलंय?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता, तरी पाहत राहिलो.

"काय लावणार तिथं?"

"काजू. गट नंबर..."

"नंबर नको. जागा सांगा. विहिरीच्या वरच्या अंगाला की देवळाकडे? गुरं येतात तिथं, कुंपण कोण घालणार? खड्डे कसे खणणार?"

"निकषाप्रमाणे," साडू क्षीणपणे म्हणाले.

"खाली कातळ आहे. निकष कातळाला सांगा. माझ्या बापाची जमीन आहे ती. मी न समजता सही करणार नाही."

घड्याळ पुढे सरकत होतं. सगळ्या नोकरीत, संमतीअभावी अडलेली प्रकरणं साडूंनी कागदावर पाहिली होती. अडलेलं प्रकरण असं समोर बसून वाल सोलतं, हे त्यांना नवीन होतं. शेवटी त्यांनी काय केलं, तर धोतर नसतानाही सावरल्यासारखं करून ताईंच्या समोर फरशीवर बसले, दादूला फोन लावला आणि तो ताईंच्या पुढ्यात ठेवला. "तूच विचार."

"दादू, खंय लावतलंस रे काजी?"

"वयल्या भरडार गो ताय! तू गवताच्या भाऱ्यासकट घसारलंस, थंय!"

ताई अशा हसल्या की मांडीवरचे वाल घरभर उडाले. मग त्यांनी कुंपणाचं विचारलं, तर दादूनं दगडांचा गडगा स्वतः रचून ठेवलेला. कातळाचं विचारलं, तर त्यानं सुरुंग लावून खड्डे केलेले. मग विहिरीचं, मग कुठल्याशा फणसाचं, मग कोण वारलं आणि कोण आहे. साडू वाल वेचत ऐकत होते. बायकोला एवढी जागा पाठ आहे हे त्यांना, मला वाटतं, त्या दिवशी कळलं. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, तर त्यांनी मलाच हातानं गप्प केलं. "बोलू दे तिला."

फोन संपला. ताईंनी पदराला हात पुसले, कागद पहिल्या ओळीपासून वाचला आणि म्हणाल्या, "माझीपण एक अट. पहिलं कलम तुम्ही लावायचं. आपण दोघांनी जायचं, आणि तुमच्या हातानं."

"मी?"

"तुम्ही."

"मान्य," साडू म्हणाले. पुढे एक शब्दही जोडला नाही. ताईंनी सही केली, आणि मग आम्ही जे सुटलो! स्कूटरवर मागे साडू, पाकीट शर्टाच्या आत, प्रत्येक सिग्नलला ते ओरडतायत, "शासकीय काम आहे हो, शासकीय काम!" कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. परळला पोचलो तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती. मी स्कूटर लावेपर्यंत साडू धावायला लागले होते. एक चप्पल मागे राहिली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात उंच. "दादूचं पाकीट! अहो, दादूचं पाकीट!" ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढला, पाकीट घेतलं आणि म्हणाला, "बापू, पडाल! सावकाश!" साडू रस्त्यात एका चपलेवर उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते. जणू मुलगी सासरी चालली होती.

अर्ज मंजूर झाला. पावसाळ्यात दोघं गावी गेली. एका दुपारी मी लोअर परळच्या ऑफिसात, काचेच्या भिंतीशी डबा उघडत होतो, तेवढ्यात साडूंचा फोन आला. मी नवा शासननिर्णय ऐकायच्या तयारीनं बसलो.

"अहो," ते म्हणाले, "कलम हातात आहे माझ्या. पिशवीतलं. काजूचं." आवाज नेहमीचा नव्हता. "एवढंसंच असतं हो ते."

"म्हणजे?"

"एवढंसं. वीतभर. दोन पानं कोवळी, तांबूस आहेत. एवढी कलमं आम्ही त्या फायलींतून मंजूर केली... मी आपला समजत होतो..."

मागून ताईंचा आवाज आला, "अहो, माती लोटा आता. मुळं उघडी पडलीयत." साडू "हो, हो" म्हणाले आणि फोन बंद न करताच खाली ठेवून माती लोटायला गेले. मला वारा ऐकू येत होता. दादू काहीतरी सांगत होता, "हळू, भावजी, दाबू नका, निसती थापटा." आणि मग ओल्या मातीवर तळहाताचा आवाज येऊ लागला, थांबून थांबून, एखादं झोपेला आलेलं मूल थोपटावं तसा. डबा निवून गेला, तरी मी फोन कानाला धरून बसलो होतो.