राक्षसाच्या महालाचा पडदा

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता रंगवता मी रंग शिकलो. माझ्या हातात कुंचला कुणी दिला नाही. पुढं परंड्यातल्या दुकानांच्या पाट्या, देवळांच्या भिंती, लग्नघराच्या दारावरचे गणपती, सगळे माझ्याच हातचे. भावाला मी पक्का आणि तोंडाचा फटकळ. तरी एक सौदा असा हरलो की त्याचा सल अजून गेलेला नाही.

निजामाचं राज्य होतं. नाटक करायचं तर संवाद आधी कचेरीत वाचायला द्यावे लागत, आणि मंजुरी लवकर येत नसे. सोलापूरहून आलेल्या एका मंडळीच्या मालकानं त्यावर तोड काढली. राजकन्या, सात समुद्र, पोपटात जीव ठेवलेला राक्षस, ही सगळी गोष्ट नुसत्या नाचातून दाखवायची.

"बोलणंच न्हाय, मग वाचणार काय?" तो हसत म्हणाला.

मला त्यात दुसरंच दिसलं. माणसं बोलणार नाहीत, म्हणजे पडदेच बोलणार.

सहा पडद्यांची चित्रं आधी कागदावर दाखवायची, पसंत पडली की मांजरपाटावर मीच उतरवायची, असं ठरलं. मजुरी मी निम्म्यावर आणली, पण एका अटीवर. प्रत्येक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात माझं नाव पाहिजे.

"नाव कोण बघतंय, पेंटर?"

"कुणी बघत न्हाय, तर तुमचं काय जातंय, मालक?"

"बरं. टाका."

राक्षसाचा महाल कसा असतो, ते मी कुठं बघितलं होतं? जन्मापासून एकच मोठं बांधकाम डोळ्यापुढं, गावचा किल्ला. तोच काढला. खंदक, बुरूज, बुरुजावर तोफ, वर तांबडं आभाळ. सहांत ते चित्र सरस होतं, हे मी आजही म्हणतो. मालकानं तर ते बघून मांडीवर थाप मारली होती.

वाचायला संवाद नाहीत म्हणून कचेरीतल्या पेशकारांनी चित्रंच मागवली. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मालक आधीच तिथं उभा होता.

"हा किल्ला कुणाचा?" पेशकारांनी विचारलं.

"राक्षसाचा, साहेब."

"किल्ला तर सरकारचा. मग राक्षस कोण?"

मी मालकाकडं बघितलं. तो म्हणाला, "मी नाचातला माणूस, साहेब. चित्रं ह्यांची." आणि त्यानं माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावही सांगितलं.

"काल मांडीवर थाप कुणी मारली?" मी ओरडलो.

"आवाज खाली," पेशकार म्हणाले. त्यांनी सहाही कागदांवर शिक्का मारला, काही लिहिलं, महाल बदलायला सांगितलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर मालक माझ्याकडं फिरकला नाही. पडदे त्यानं बार्शीच्या एका पेंटरकडून करून घेतले. खेळाच्या दिवशी मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसलो. महालाला आता गोल घुमट होते. बाकीचे पाच पडदे रेघन् रेघ माझे. समुद्र दिसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव यायचं त्या कोपऱ्यात प्रत्येक पडद्यावर एक झुडूप रंगवलं होतं. समुद्रातसुद्धा झुडूप.

खेळ सुटल्यावर मी मालकाला गाठलं. "नाव कुठाय?"

"कचेरीत चढलेलं नाव पडद्यावर कसं टाकू, पेंटर? खेळ बंद पाडायचाय व्हय?" त्यानं पेटीतून माझे कागद काढून माझ्या हातात कोंबले. "हेबी घिऊन जा. तुमचं नाव हाय त्याच्यावर. मला नको जोखीम."

कागदांची मजुरी त्यानं आधीच चुकती केली होती. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

ते सहा कागद अजून माझ्या ट्रंकेत आहेत. प्रत्येकावर शिक्का, आणि शेजारी पेशकारांच्या वळणदार अक्षरात माझं नाव, बापाचं नाव, गाव. उर्दू उजवीकडून लिहितात, त्यामुळं ते बरोबर उजव्या कोपऱ्यात आलंय.