आवाज बंद करून पाहिलेला ट्रेलर

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, पण पिक्चर कसा बनवतात हे मला कोणी शिकवू नये. अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये मी तीस वर्षांवर ऑपरेटर होतो. केबिनमध्ये मशीनची खडखड एवढी असायची की गाणी, बोलणं काही कानावर यायचं नाही. एक लहान स्पीकर होता, तोही मी बंद ठेवायचो. भिंतीतल्या वीतभर काचेतून पडदा पाहायचा, मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी जळत आली की पुढे सरकवायची. म्हणजे जेवढे पिक्चर मी पाहिले, तेवढे मुके पाहिले.

सगळ्यात जास्त पाहिले ट्रेलर. येणाऱ्या पिक्चरचा ट्रेलर इंटरव्हलला लागायचा, दिवसाचे चार खेळ, पुढचा पिक्चर येईपर्यंत. प्रेमाच्या पिक्चरचे तर सगळे एकाच साच्यातले. बाईच्या मागून उजेड टाकायचा, म्हणजे केसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात आणि चेहरा अर्धा सावलीत राहतो. मग कॅमेरा हळूहळू जवळ न्यायचा. तो एका शॉटमध्ये, ती दुसऱ्या शॉटमध्ये; दोघं एकत्र येतात ते शेवटी, अन् बरेचदा पाठमोरे. खाली लोक डोळे पुसायचे. मला वरून दिसायची खिडकीत उभी असलेली एक बाई, बस. लोकांना रडवायचं काम म्युझिक करत होतं.

हे मी इतक्यांदा सांगितलं की घरचे कंटाळले. फक्त नात ऐकायची.

टॉकीज बंद पडल्यावर मी अमरावतीला, राजापेठेत मुलाकडे राहायला आलो. नातीची सोयरीक मीच जुळवली. बाळापूरचं घर, नवऱ्या मुलाचे आजोबा माझे जुने स्नेही, मुलगा इंजिनियर. साक्षगंध झालं, अंगठ्या घातल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी पोरगी माझ्या खाटेजवळ येऊन बसली. म्हणाली, एक वर्ष थांबलं तर नाही का चालणार? मी विचारलं, काहून, पोरात खोट आहे का? ती म्हणाली, खोट काहीच नाही, पण त्याच्यासोबत बसलं की काय बोलावं तेच सुचत नाही, दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये पाहत बसतो. मी हसलो. म्हटलं, तुझ्या आजीशी मी लग्नाआधी एक शब्द बोललो नव्हतो. वर हेही म्हटलं की, चार माणसांत मी शब्द दिला आहे, तो माघारी घ्यायची आपल्या घराण्यात रीत नाही. ती उठून गेली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

मग ते प्री-वेडिंग आलं. आता लग्नाआधी नवरा-नवरीला चिखलदऱ्याला नेऊन पिक्चरसारखं शूटिंग करतात, त्याचा दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर बनवतात अन् लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावतात. व्हिडिओवाला आमच्याच गल्लीतला. त्याने ट्रेलर पाठवला, तेव्हा पोरीने तो आधी आई-बापाला दाखवला नाही. दुपारी मी एकटा होतो, मोबाईल घेऊन माझ्याकडे आली.

म्हणाली, "आबाजी, तुमी सांगा कसा झाला ते."

मला फुगायला तेवढं पुरे होतं. चष्मा लावला अन् सवयीने पहिले आवाज बंद केला. तिने अडवलं नाही. धुकं, दरी, वरून ड्रोन फिरतो आहे, दोघं पाठमोरे चालत आहेत. मी बोलत राहिलो, हा उजेड असा घेतला, इथं स्पीड कमी केली. मग एक शॉट आला. उन्हं उतरलेली, मागून सूर्य, ती एकटी उभी. बहुतेक त्याचा शॉट संपून तो बाजूला गेला असावा अन् कॅमेरा चालूच राहिला असावा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत उतरत पार गेलं. खाली जे उरलं, ते मी घरात कधी पाहिलं नव्हतं. शेवटची एसटी गेल्यावर स्टँडवर उभ्या राहिलेल्या बाईचा चेहरा असतो, तसा.

मी पुन्हा लावला. मग आवाज चालू करून पाहिला. तिथं व्हिडिओवाल्याने बासरी टाकली होती, अन् बासरीवर तोच चेहरा नवऱ्याची वाट पाहणाऱ्या नवरीचा वाटत होता.

पोरगी माझ्याकडे पाहत होती. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. कळलं नाही असं म्हणून मी आज सुटणार नाही.

मी म्हणालो, "लाइटिंग चांगली घेतली पोट्ट्याने."

तिने मोबाईल घेतला अन् आत गेली.

मला त्या दिवशी चैन पडली नाही. पण माझं डोकं गेलं कुठं, तर हा चेहरा हॉलमध्ये पाचशे माणसांना दिसला तर काय होईल, इकडं. बाळापूरच्या बुढ्याला दिसला तर. ऑपरेटरची खोड असते ती. रीळ खराब झालं की तेवढा तुकडा ब्लेडने कापायचा, दोन टोकं फिल्म चिकटवायच्या सिमेंटने जोडायची अन् खेळ चालू ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओवाल्याच्या दुकानात गेलो अन् तो शॉट काढ म्हटलं. तो म्हणे, आबाजी, ट्रेलरची जान त्याच्यातच आहे. मी म्हटलं, उजेड जास्त होऊन लाइट फाटला आहे त्याच्यात, मले नको शिकवू. तासभर हुज्जत घातली. शेवटी त्याने तो काढला अन् तिथं दरीवरून जाणारा ड्रोनचा शॉट बसवला. बासरी तशीच राहिली. जोड कुठंच दिसत नव्हता. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

लग्नात ट्रेलर लागला. हॉलमधले दिवे घालवले, बासरी सुरू झाली, पडद्यावर दरी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नात स्टेजवर बसली होती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. तिने मान वळवली अन् खुर्च्यांच्या रांगांत कोणाला तरी शोधू लागली. मी दिसलो तशी थांबली. मीच नजर पडद्याकडे नेली.

दोन वर्षांनी दिवाळीत ती आली, तेव्हा मी अन् ती दोघंच ओट्यावर होतो. वाती वळता वळता, मान वर न करता तिने विचारलं.

"तो शॉट तुमीच काढाले लावला होता न?"

"हो."

"म्हणजे तुमाले दिसलं होतं."

"दिसलं होतं माय."

ती म्हणाली, "मले वाटे, तुमाले दिसलंच नसंल. मी त्याच्यावरच तग धरून होती इतके दिवस."

तिने वाती मोजून डब्यात भरल्या अन् आईला हाताखाली कोणी पाहिजे होतं म्हणून उठली.

संसार तिचा चालू आहे. नवरा मारत नाही, पीत नाही, घरात काही कमी नाही. दर रविवारी आईला तिचा फोन येतो. सून कधी कधी माझ्या हातात देते. पोरगी विचारते, गुडघे कसे आहेत, गोळ्या घेता न वेळेवर. मी घेतो म्हणतो. मग ती म्हणते, आईकडे द्या.