उर्दूचे सर

परतूरहून परतताना संध्याकाळच्या गाडीत ते रोज माझ्यासमोर बसत. मराठी आणि उर्दू अशी दोन्ही माध्यमं असलेल्या हायस्कुलात ते उर्दूतून भूगोल शिकवत. नाव विचारायचं राहूनच गेलं. बसल्याबसल्या रुमालानं बोटांवरचा खडू पुसायचे, एकेक बोट, सावकाश.

यंदा पोरं कमी भरली म्हणून उर्दूचा वर्ग मराठीत मिसळला. सर मराठीतून शिकवू लागले आणि गाडीत बोलेनासे झाले.

एका संध्याकाळी आपणहून म्हणाले, "आज एका पोरीनं उर्दूत शंका विचारली. मी मराठीत उत्तर देऊन बसलो. ध्यानातच आलं न्हाई."

"मंग? तिला समजलं न्हाई का?"

"बराबर समजलं. पण तास संपल्यावर जवळ आली अन् हळूच म्हणाली, 'सर, आप हमसे नाराज हैं क्या?'"

"तुम्ही काय म्हणलात?"

"म्हणलं, 'न्हाई गं पोरी.' तेबी मराठीतच निघालं तोंडातून."

जालना आलं. मी उतरलो. त्यांना पुढे बदनापूरला जायचं होतं. फलाटावरून पाहिलं, तर माझ्या रिकाम्या जागेकडे बघत ते ओठ हलवत होते. आवाज काही बाहेर येत नव्हता.