पेन्सिलीतला शेरा

आमच्या वेळी प्रगतिपुस्तकातला शेरा म्हणजे बाईंचा शेवटचा शब्द असे. माझ्या वाट्याला दरवर्षी ‘अधिक प्रयत्न हवेत’ यायचं. बायकोच्या मते तो शेरा अजून लागू आहे.

परवा लेकीच्या, सईच्या, नववीच्या पालकसभेत वेगळंच पाहिलं. तिच्या वर्गशिक्षिका हा शेरा आधी मुलांनाच पेन्सिलीने लिहायला लावतात आणि पटला तर त्यावरून पेन फिरवतात. सईने लिहिलं होतं, ‘गणित समजलं नाही की मी विनोद करते. सगळे हसतात, मग मला कोणी काही विचारत नाही.’ बाईंनी एक अक्षरही न बदलता त्यावर निळं पेन फिरवलं होतं.

“हे तुम्ही सुचवलंत का तिला?” मी विचारलं.

“छे हो. मी नुसती थांबले. तीन दिवस ती जागा कोरीच होती.”

पन्नास मुलांच्या वर्गात एकीच्या कोऱ्या जागेसाठी तीन दिवस थांबायचं! मी तर पोरीला उत्तर द्यायलाही उसंत देत नाही. आणि तिला चौदाव्या वर्षी स्वतःबद्दल जे कळलं, ते मला माझ्याबद्दल पन्नाशीत, तिचं वाचून कळत होतं.

सई माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. “बाबा, चिडलायस का?”

मला लगेच एक विनोद सुचला. बरा होता. तो गिळून मी विचारलं, “कुठे अडतं तुझं?”

तिने दप्तरातून वही काढली आणि एका पानावर बोट ठेवलं. “इथपासून पुढे सगळं.”

मी चष्मा लावून पाहिलं. मलाही ते येत नव्हतं. तसं तिला सांगून टाकलं.