सैल वायर

विश्रांतवाडीच्या भाग्यश्री ओव्हाळला कुणी विचारलं, तू शिकलीस कुठे, तर ती कॉलेजचं नाव सांगत नाही. "सर्जेरावांच्या टेबलावर," म्हणते, आणि ते खरंच आहे. डिप्लोमा होताच ती भोसरीच्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागली. नवजात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्यांचे कंट्रोल बोर्ड तिथे बनतात. सीनियर इंजिनिअर सर्जेराव धुमाळ म्हणजे महाफटकळ माणूस. पहिल्याच दिवशी तिचं सोल्डरिंग डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "वा! भजी छान तळलीत. आता सोल्डरिंग करा." पोरगी रडली नाही. सगळे सांधे सोडवून तिने पुन्हा केले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सर्जेरावांची एक रीत होती. बोर्ड नीट चालला, की बाकीचे चहाला पळत, हे मात्र म्हणत, "चालतो ना? आता बिघडव." मग वायर उपट, व्होल्टेज पाड, नको ती बटणं दाब. बिघडतानासुद्धा बोर्ड शहाण्यासारखा बिघडला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

अकरा वर्षं गेली. नोकरी सांभाळून तिने संध्याकाळच्या वर्गांतून डिग्री मिळवली. सर्जेराव निवृत्त व्हायला निघाले. अप्रेंटिस म्हणून आलेलं कुणीच आजवर त्या कंपनीत सीनियर इंजिनिअर झालं नव्हतं. भाग्यश्रीला ती जागा हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. लाजायचं काय त्यात?

मुलाखत दुपारी तीनला होती. तिने स्वतः डिझाइन केलेले साठ बोर्ड, तिची सही होऊन, खोक्यांत बसले होते. चारला टेम्पोत चढणार होते. जेवणानंतर हाताला चैन पडेना, म्हणून तिने एक काढून जोडला. तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर उपटली. हीटर ताबडतोब बंद. शाबास! मग तिने वायर पुरती न काढता नुसती सैल केली, आणि तिथेच घात झाला. सैल वायरीतून आकडा खोटा, कमी येत होता. बोर्डाला वाटे पेटी गार आहे, आणि तो हीटर तापवतच राही.

तपासणीच्या यादीत सैल वायर नव्हतीच, आणि ती यादीही तिनेच केलेली.

तीन वाजता ती आत गेली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, टेम्पो थांबवा. डिझाइनमध्ये चूक आहे. माझी आहे."

संचालिका सुहासिनीबाईंनी चष्मा काढून ठेवला. "आज माल गेला नाही तर गिऱ्हाईक आपल्याला सोलून काढेल. आणि समजा, तुम्ही बोलला नसतात, तर कुणाला कळलं असतं?"

"बाळाला कळलं असतं, मॅडम. त्याला सांगता येत नाही, एवढंच."

कोपऱ्यात बसलेल्या सर्जेरावांनी खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरलं. "मी टेम्पो थांबवतो," म्हणाले आणि उठून गेले. मुलाखत तिथेच आटोपली.

पुढच्या पाच दिवसांत तिने डिझाइन सुधारलं आणि साठच्या साठ बोर्ड स्वतः बिघडवून पाहिले. जागा गेली, हे तिने धरूनच टाकलं होतं. घरी तसं सांगितलंही. खडकीच्या कारखान्यात उभा जन्म मशीनपुढे काढलेले तिचे वडील तात्याराव एवढंच म्हणाले, "गेली तर गेली. मान वर ठेवून कामावर जा."

सहाव्या दिवशी पत्र हातात पडलं. सीनियर इंजिनिअर! सोबत सर्जेरावांच्या शिफारशीची प्रत होती, दोन ओळींची: "हिची चूक हिलाच सापडते, आणि ही ती सांगते. माझी जागा हिला द्या."

घरी तिने पत्र मोठ्याने वाचलं. तात्याराव ताठ बसून ऐकत होते.

"पदाची ओळ परत वाच."

तिने वाचली.

म्हातारा उठला, त्याने दार सताड उघडलं, समोरच्या इंदुबाईंच्या दारावर थाप मारली आणि वळून म्हणाला, "हं, आता वाच. खालच्या मजल्यापर्यंत गेलं पाहिजे."